मुलुंड ते चिपळूण एका दिवसात जाऊन येऊन, एकच ड्रायव्हर, सोबत आई. जमेल का?

मुलुंडचा_अमोघ

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट सल्ला हवाय. पुढच्या मंगळवारी चिपळूणला जायचंय, म्हणजे चिपळूणच्या पुढे गुहागर रोडने साधारण वीसेक किलोमीटरवर आमचं गाव आहे, तिथे आईच्या नावावरच्या जमिनीची हद्द कायम मोजणी (म्हणजे सरकारी मोजणीवाले येऊन जमिनीच्या सीमा पक्क्या करणार) आहे सकाळी ११ ला. नोटीस आलीय, आजूबाजूच्या खातेदारांनाही गेलीय, त्यामुळे तारीख हलवायचा प्रश्नच नाही, आणि सातबारा आईच्या नावावर असल्यामुळे तिला स्वतः तिथे उभं राहायचंय. आई ६८ ची आहे, शुगर आहे आणि एका गुडघ्याचा त्रास आहे.

गाडी वॅगन आर सीएनजी. चालवणार मी एकटाच, बायकोला लायसन्स आहे पण हायवेचा सराव नाही आणि ती मुलीच्या परीक्षेमुळे येणारही नाहीये. माझा अनुभव म्हणाल तर एक्सप्रेसवेने पुण्याला सात-आठ वेळा गेलोय, गोवा हायवेवर स्वतः चालवत कधीच नाही, लहानपणी एसटीनेच गेलोय.

प्लॅन असा आहे की पहाटे ४ ला निघायचं, १० पर्यंत गावात, मोजणी १-२ पर्यंत उरकली तर जेवून ३ ला निघायचं आणि रात्री ९-१० ला घरी. बुधवारी ऑफिसला जावंच लागेल असं आत्ता तरी दिसतंय. जाऊन येऊन ५००-५२० किलोमीटर होतील. रस्ता कोणता घेऊ (पेणवरून की खोपोली-पालीवरून?), सीएनजीचं कसं करू, आईसाठी कुठे थांबू, आणि मुळात हे एका दिवसात करावं का? रोज जाणाऱ्यांनी प्लीज सांगा.

---

कोकणवाट७४

अमोघ, मी महिन्यातून एकदा तरी खेडला जातो, त्यामुळे रस्त्याचं सांगतो. मुलुंडवरून ऐरोली पूल, ठाणे-बेलापूर रोड, मग उरण फाट्याकडून सायन-पनवेलला लागून कळंबोली आणि पळस्पे फाटा. अटल सेतूचा विचार करत असशील तर सोड, तो शिवडीवरून सुटतो, तुला उलटं शहरात जावं लागेल. ऐरोलीच्या नाक्यावर कारला ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही, पण पुढच्या टोलसाठी फास्टॅगमध्ये बॅलन्स आदल्या रात्रीच बघून ठेव.

पळस्प्यावरून कर्नाळा, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, इंदापूर, माणगाव, लोणेरे, महाड, पोलादपूर, कशेडी बोगदा, भरणे नाका, लोटे, परशुराम घाट आणि चिपळूण. खोपोली-पालीवरून वाकण फाट्याला यायचा रस्ता आम्ही पेण-वडखळ पट्टा खड्ड्यात होता तेव्हा वापरायचो, पळस्पे ते इंदापूर हे चौपदरीकरण २०११ पासून चाललंय म्हणजे कल्पना करा किती वर्षं तो फेरा मारला असेल. आता त्या पट्ट्यात बराचसा काँक्रीट रस्ता मिळतो, मी सरळ पेणवरूनच जातो. पाली रस्ता डोक्यात ठेव, पेणला मोठी कोंडी दिसली तर कामाला येईल, पण तो निर्णय पळस्प्याच्या आधीच घ्यावा लागतो.

खरी अडचण इंदापूर आणि माणगावला. बाजारातूनच रस्ता जातो, रिक्षा, एसटी, मधेच वळणारे टेम्पो. मंगळवारी पहाटे साडेसहाला तू तिथे असशील तर दहा मिनिटांत पार होशील. तेच माणगाव संध्याकाळी वेगळं असतं.

कशेडीला बोगद्याचेच बोर्ड बघून चल, मॅप कधीकधी अजून जुन्या घाटाकडे ओढतो. दोन्ही बोगदे साधारण दोन-दोन किलोमीटरचे आहेत, जुन्या घाटात ट्रकच्या मागे चाळीस मिनिटं जायची ते आता दहा-पंधरा मिनिटांत होतं. आत शिरताना गॉगल काढ, लाइट लाव, ओव्हरटेक नको.

---

शुभदा_ठाणे

सीएनजी वॅगन आर आमच्याकडे पाच वर्षं आहे म्हणून त्याबद्दल लिहिते. सिलिंडरवर ६० लिटर लिहिलेलं असलं तरी गॅस आठ-नऊ किलोच्या आसपास बसतो, आणि हायवेला एसी लावून आम्हाला किलोला पंचवीस-सव्वीस मिळतो, म्हणजे एका भरण्यात चिपळूण गाठेल की नाही हे काठावरच आहे. सोमवारी रात्रीच घराजवळ भरून घ्या आणि पेट्रोलची टाकी किमान अर्धी ठेवा, म्हणजे रस्त्यात सीएनजीच्या रांगेत अर्धा-पाऊण तास उभं राहायची वेळ येणार नाही. रांगेत उभे राहिलात तर भरताना सगळ्यांना खाली उतरावंच लागतं, गुडघा दुखणाऱ्या आईंना ते नको. चढावर ओव्हरटेक करायच्या आधी सरळ पेट्रोलवर टाका, सीएनजीवर ओढ कमी असते आणि गॅस संपून गाडी आपोआप पेट्रोलवर जाते तेव्हा हलका झटका बसतो, तो नेमका ओव्हरटेक करताना नको. सिलिंडरची टेस्ट दर तीन वर्षांनी लागते, तुमची तारीख बघून घ्या.

अजून एक, डिकीत सिलिंडर असल्यामुळे स्टेपनी काढायला झगडावं लागतं. घरी उजेडात एकदा काढून, हवा बघून, परत बसवून ठेवा. आणि मागे वजन असलं की गाडीचं नाक वर होतं आणि आपले लाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात, लाइट खाली करायचं बटण असेल तर ते वापरा.

आईंच्या थांब्यांबद्दल. मी सासूबाईंना घेऊन जाते तेव्हा हॉटेलपेक्षा मोठा, नवीन दिसणारा पेट्रोल पंप बघते, तिथे बाहेर कुलूप दिसलं तरी चावी मागितली की देतात. दर दीड-दोन तासांनी थांबाच, गरज नसली तरी उतरवा, चार पावलं चालवा, गुडघा आखडत नाही. शुगरच्या गोळीची वेळ आणि खाणं हे हॉटेलच्या भरवशावर ठेवू नका, पहाटे चारला निघालात तर साडेसहाला काहीतरी पोटात जायला हवं. दशम्या, थालीपीठ, उकडलेली अंडी असं घरचं डब्यात घ्या आणि महाडच्या आधी उजाडलं की चहाला थांबून तिथेच खाऊन घ्या. पाणी कमी पिऊ देऊ नका, प्रवासात आपल्या घरच्या बायका मुद्दाम पाणीच पीत नाहीत.

---

घाटातला_सारथी

दादा, मी बावीस वर्षं गाडी चालवतो, त्यातली अकरा वर्षं मुंबई-गोवा ट्रॅव्हल्सवर रात्रीची ड्युटी केली. रस्ता, गॅस, डबा सगळं वरच्यांनी बरोबर सांगितलंय. मी फक्त परतीबद्दल बोलतो कारण तुमचा प्लॅन तिथे चुकतोय.

मोजणी १-२ ला उरकेल हे तुम्ही कागदावर लिहिलंय. मोजणीवाले आदल्या ठिकाणाहून येणार, मग शेजारचे खातेदार जमणार, एखादा म्हणणार ही खूण आमच्यात येते, दोन तास असेच जातात. समजा ४ ला संपलं. पंचनाम्यावर सह्या, कुणाकडे तरी चहा घ्यावाच लागतो, साडेपाच झाले. डिसेंबरात सहाला सूर्य बुडतो. म्हणजे परशुराम घाटापासून पुढे अख्खा रस्ता तुम्ही अंधारात चालवणार, असा रस्ता जो आयुष्यात पहिल्यांदा त्याच दिवशी सकाळी बघितलाय.

आता रात्रीचं गणित सांगतो. मुंबईहून ट्रॅव्हल्स संध्याकाळी सुटायला लागतात, आणि तुम्ही उलट्या दिशेने येताना नऊ ते अकराच्या दरम्यान माणगाव-कोलाडच्या आसपास त्यांच्यासमोर येता. जिथे काम चालू आहे तिथे एकाच बाजूने दोन्हीकडची वाहतूक सोडलेली असते, मधे दुभाजक नाही, समोरून मोठ्या गाड्यांचे हाय बीम. नव्या माणसाला डायव्हर्जन कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हेच कळत नाही, पट्टे पुसलेले असतात. मी त्या बसच्या सीटवर बसलेलो आहे, उंचावरून आम्हाला दिसतं, खालच्या कारवाल्याला दिसत नाही.

आणि तुम्ही तेव्हा पहाटे तीनला उठलेले असणार. झोप आली की आपण डोळे चोळतो, काच खाली करतो, गाणी मोठी करतो, ह्याने काही होत नाही. ८० च्या स्पीडला गाडी एका सेकंदाला बावीस मीटर जाते, चार सेकंद डोळा लागला तर जवळजवळ नव्वद मीटर गाडी कुणीच चालवत नव्हतं. माझ्या बरोबरचा एक ड्रायव्हर असाच गेला, सकाळी साडेचारला, सरळ रस्त्यावर. वळणावर नाही, घाटात नाही. मी त्या दिवशी दोन तास मागे होतो, त्याची गाडी मी बघितली. म्हणून एवढं लिहितोय, राग मानू नका. आई मागे झोपलेली असेल आणि तुम्हाला वाटेल पोचूच आता, पेण तर आलं. तेच पेण धोक्याचं.

सोमवारी दुपारी निघा किंवा मंगळवारी रात्री गावात राहा. दोन्ही जमत असेल तर दोन्ही करा. बुधवारची सुट्टी मागा.

---

रेल्वेप्रेमी_डोंबिवली

ट्रेन बघितली का? मडगाव जनशताब्दी पहाटे ठाण्याला थांबते, तुम्हाला मुलुंडवरून एकच स्टेशन, आणि चिपळूणला सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमारास पोचवते. वंदे भारत चिपळूणला थांबत नाही, ती खेडला थांबते. रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं त्यामुळे आठवड्यावर मिळणं कठीण आहे पण तत्काळ बघा. चिपळूणवरून पुढे गावापर्यंत रिक्षा ठरवता येईल.

---

मुलुंडचा_अमोघ

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं तपशिलात कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. जनशताब्दीला वेटिंग ८० च्या वर आहे, तत्काळच्या भरवशावर मोजणीची तारीख ठेवायची हिंमत होत नाहीये, आणि आईला स्टेशनचा जिना नको.

सारथीदादा, तुमचं लिहिलेलं काल रात्री आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली मी तुला आधीच सांगणार होते पण तुझ्या ऑफिसचं बघून गप्प बसले. म्हणजे तिलाही भीती वाटत होती आणि मला कळलंच नाही. साहेबांकडे बुधवारची सुट्टी मागितली, मिळाली, दोन मिनिटांचं काम होतं. सोमवारी मात्र निघता येणार नाही, संध्याकाळपर्यंत काम आहे. तर मंगळवारी पहाटे जायचं, रात्री गावात राहायचं आणि बुधवारी उजाडल्यावर निघायचं असं ठरवतोय. पहाटे किती वाजता निघू?

---

घाटातला_सारथी

हे फार बरं केलंत. साडेचारला निघा. पनवेलपर्यंत दिव्यांचा रस्ता आहे, पेणपर्यंत रस्ता बरा आहे, माणगाव सोडेपर्यंत फटफटायला लागेल आणि महाडचा पुढचा भाग पूर्ण उजेडात मिळेल. महाडच्या आसपास सावित्रीच्या काठाला थंडीत धुकं असतं, दिसलं तर लो बीम आणि पुढच्या गाडीपासून लांब. ११ ला दहा मिनिटं उशीर झाला तर फोन करा, गाडी पळवू नका. सोमवारी रात्री नऊला झोपा, मोबाईल बाहेरच्या खोलीत ठेवा. डोळा जड झाला की पंपावर उजेडात गाडी लावून वीस मिनिटं झोपायचं, त्यात लाज नाही. चहा प्यायलात तरी तो लागू पडायला अर्धा तास जातो, म्हणून आधी चहा आणि मग ती वीस मिनिटं.

---

शुभदा_ठाणे

गाडी बंद पडली तर १०३३ हा राष्ट्रीय महामार्गाचा नंबर, नाहीतर ११२. आईंना गाडीत बसवून ठेवू नका, कठड्यापलीकडे उभं करा. आणि मागे बसल्या तरी पट्टा.

---

मुलुंडचा_अमोघ

काल दुपारी घरी पोचलो, म्हणून लिहितोय, पुढे कुणाला उपयोग होईल.

मंगळवारी ४.३५ ला निघालो. माणगाव ६.४० ला, रस्ता रिकामा. लोणेऱ्याच्या पुढे उजाडलं, महाडच्या अलीकडे चहा आणि घरची थालीपीठं, आईची गोळी वेळेवर. धुकं होतं, वीसेक मिनिटं ४० च्या स्पीडने गेलो. चिपळूण ९.३०, गावात १०.१५. सीएनजी लोट्याच्या आसपास संपला आणि गाडी पेट्रोलवर गेली, झटका खरंच बसला, पण मी सरळ चालवत होतो.

मोजणी सुरू झाली पावणेदोनला. एका बाजूच्या खुणेवरून वाद झाला, सह्या होईपर्यंत पावणेसहा. काळोख पडायला लागला होता. तेव्हा निघालो असतो तर काय झालं असतं हे विचार करूनच अंगावर काटा आला, कारण मी खरंच उभ्या उभ्या पेंगत होतो. काकूंनी कुळथाचं पिठलं आणि भात केला, मी साडेआठला झोपलो तो सहाला उठलो. आई मात्र रात्री उशिरापर्यंत पडवीत काकूंशी बोलत बसली होती, अकरा वर्षांनी भेटल्या दोघी.

बुधवारी सातला निघालो. परशुराम घाटात उजेडात दिसलं की एका बाजूला डोंगर किती सरळ कापलाय, पावसाळ्यात इथून जायचं असेल तर मी आधी चौकशी करूनच निघेन. माणगावला सव्वादहाला अर्धा तास अडकलो, बाकी कुठे नाही. दोनदा थांबलो, दीडला मुलुंड.

मार्चमध्ये मोजणीच्या नकाशाची क प्रत (खातेदाराला मिळणारी प्रत) आणायला परत जायचंय. जनशताब्दीचं रिझर्वेशन उघडलं की त्याच दिवशी तिकीट काढणार.