सिंटिलेटर स्फटिक खरंच भंगारात निघाले?

खडूस_फिजिक्सवाला: "पेरोव्स्काइट आलं, आता सीझियम आयोडाइड आणि एलवायएसओ भंगारात" असं काल इथेच एकाने ठोकून दिलं. तिन्ही सिंटिलेटर, म्हणजे एक्स-रे किंवा गॅमा पडला की चमकणारे पदार्थ; एलवायएसओ हा ल्युटेशियमचा स्फटिक. लेड ब्रोमाइड पेरोव्स्काइट काही नॅनोसेकंदांत विझतं, मान्य. पण ते स्वतःचाच उजेड गिळतं. एक्स-रे अडवायला जाडी वाढवली की बाहेर येणार काय, कप्पाळ? सीझियम आयोडाइड सुयांसारखं वाढतं, उजेड आडवा पसरत नाही. एक्स-रे फोटोच्या फ्लॅट पॅनेल डिटेक्टरमध्ये ते उगाच टिकलेलं नाही.

निळी_कांडी: छातीच्या फोटोला ठीक. थॅलियमवाल्या सीझियम आयोडाइडची चमक मायक्रोसेकंदभर चालते, मागे रेंगाळणारा उजेड मिलिसेकंदांनीही जात नाही. अमेरिकेतल्या अ‍ॅडव्हान्स्ड फोटॉन सोर्स या एक्स-रे झोत देणाऱ्या सिंक्रोट्रॉनला, अपग्रेडआधी, २४ बंच मोडमध्ये (कड्यात इलेक्ट्रॉनचे २४ पुंजके) दोन झोतांत १५३ नॅनोसेकंदच असायचे. लावा तुमच्या सुया तिथे! मागच्या फ्रेमचं भूत पुढच्या फ्रेमवर.

खडूस_फिजिक्सवाला: तिथे सुया लावा असं मी कुठे म्हटलं? एलवायएसओ आहे ना, साधारण ४० नॅनोसेकंदांत विझतं. आधी वाचा, मग भांडा.

तळोजाकर: एलवायएसओचं कौतुक पुरे. त्यातलं ल्युटेशियम-१७६ स्वतःच किरणोत्सारी, आणि २००० अंशांवरचा रस धरायला इरिडियमची मूस. भाव विचारलाय कधी? आमच्या पेट स्कॅनरचा एक डिटेक्टर ब्लॉक गेला तर महिनोन्‌महिने नुसते ईमेल. इकडे ट्रॉम्ब्यात भाभा अणुकेंद्रात गॅडोलिनियम गार्नेटचे सिंटिलेटर स्फटिक वाढवतात, तरी आपण हात पसरायचे बाहेर!

अर्धीमूस: आलं देशप्रेम. त्या गार्नेटची घनता एलवायएसओपेक्षा कमी, चमकही सावकाश ओसरते. पेटमध्ये ५११ केईव्ही ऊर्जेचा गॅमा अडवायचाय, साहेब. मी पीएचडीत वितळलेल्या रसातून स्फटिकाच्या कांड्या ओढल्यात. वाढताना काचेसारखी स्वच्छ, थंड होताना टण्‌कन तडा. एक कांडी साधणं वेगळं, हजारो तुकडे सारखे उजळणं वेगळं.

तळोजाकर: म्हणून प्रयत्नच नको? तुमची कांडी तडकली हा देशाचा पुरावा झाला वाटतं!

अर्धीमूस: घ्या. प्रयत्न करा, सरकारी निविदेत सर्वात स्वस्त इरिडियम मागवा.

निळी_कांडी: धागा कशाचा होता? पातळ थर, कमी ऊर्जेचे एक्स-रे, तिथे पेरोव्स्काइट चालेल की नाही, खडूसराव?

खडूस_फिजिक्सवाला: चालेल. त्याला बिघडवणारी दमट हवा आणि त्यातलं विषारी शिसं तुम्ही सांभाळणार असाल तर खुशाल चालवा. "भंगारात"वाले कुठे गेले पण?