‘फेज उलटा’ की ‘ध्रुवता उलटी’?

प्रश्न : ध्वनिमुद्रिका वाजवताना एका वाहिनीच्या (डाव्या किंवा उजव्या बाजूच्या ध्वनीच्या) वायरी उलटसुलट जोडल्या गेल्या, की जाणकार ‘फेज उलटा झालाय’ असे म्हणतात. लिहिताना यासाठी ‘कला उलटली’ म्हणावे की ‘ध्रुवता उलटली’?

उत्तर : ‘ध्रुवता उलटली’ हेच नेमके. चंद्राच्या कलेप्रमाणे लहरीची कलाही आवर्तनातला टप्पा सांगते, म्हणजे तिचा संबंध काळाशी आहे. १८० अंश मागे पडणे म्हणजे अर्ध्या आवर्तनाचा उशीर, आणि तो १०० हर्ट्‌झच्या स्वराला ५ मिलिसेकंद, तर १००० हर्ट्‌झच्या स्वराला अवघा ०.५ मिलिसेकंद भरतो. कार्ट्रिजच्या, म्हणजे सुईच्या कंपनांचे विद्युत-संकेत करणाऱ्या भागाच्या, दोन पिनांवरच्या वायरींची अदलाबदल झाली, तर कोणताच स्वर उशिरा येत नाही. फक्त धनाचे ऋण होते, म्हणजेच ध्रुवता उलटते, आणि ते सगळ्या स्वरांचे एकदमच होते.

दोष ओळखतानाही हा भेद उपयोगी पडतो. स्टिरिओ कार्ट्रिजची रचना अशी असते, की दोन्ही वाहिन्यांतला समान ध्वनी सुईच्या आडव्या हालचालीतून आणि त्यांच्यातला फरक उभ्या हालचालीतून येतो. एकच वाहिनी उलटली असेल, तर मध्यभागी ऐकू यायला हवा तो गायकाचा आवाज विस्कटतो आणि खर्ज पातळ होतो. खात्रीसाठी मोनो मुद्रिका (दोन्ही वाहिन्यांत एकच ध्वनी असलेली) लावून ॲम्प्लिफायरचे, दोन्ही वाहिन्या एकत्र करणारे, मोनो बटण दाबावे : जोडणी बरोबर असेल तर खरखर कमी होते, उलटी असेल तर गाणेच जवळजवळ नाहीसे होऊन खरखर मागे उरते. (ही खरखर ऐकून आनंद व्हावा, असा हा बहुधा एकमेव प्रसंग.) ही झाली सापेक्ष ध्रुवता. दोन्ही वाहिन्या उलटल्या असतील, तर या परीक्षेत काहीच आढळत नाही, कानालाही सहसा कळत नाही. तेथे ‘निरपेक्ष ध्रुवता’ असा वेगळा शब्द हवा. मात्र मूळ मुद्रणाची ध्रुवता ठाऊक नसेल, तर उलटी म्हणजे कशाच्या तुलनेत, हा प्रश्न उरतोच.

उपप्रश्न : ‘व्यस्त ध्रुवता’ कसे वाटते?

उत्तर : ‘व्यस्त प्रमाणा’मुळे ते शास्त्रीय वाटते खरे, पण व्यस्त प्रमाणात एक राशी वाढली की दुसरी घटते, येथे तसे काही घडत नाही. ‘ध्रुवण’ही टाळावे, कारण तो शब्द प्रकाशलहरींच्या कंपनदिशेसाठी रूढ आहे. बोलताना ‘फेज उलटा’ चालू द्यावे. ते आता कोणी थांबवू शकणार नाही.