चर्चा : माणूस स्थानकावर झोपायला येईपर्यंत नगरपालिका काय करत असते?

तापीकाठ (अमळनेर)

परवा धुळ्याच्या एका सदस्यांनी लिहिले की, पालिकांनी रात्रनिवाऱ्यावर एक रुपयाही खर्च करू नये. स्थानकावर झोपणारे बहुतेक जण परगावचे असतात, त्यांना कष्ट नको असतात आणि एकदा निवारा उघडला की आणखी माणसे गोळा होतात. त्या लेखनाला इतक्या जणांनी माना डोलावल्या की सविस्तर उत्तर देणे मला भाग पडले.

निवारा ही कोणाची मेहेरबानी नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने निकष घालून दिला होता की, दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांसाठी बारमाही निवारा असावा आणि प्रत्येकाला किमान 50 चौरस फूट जागा मिळावी. 2011 च्या जनगणनेत जळगाव शहराची लोकसंख्या 4 लाख 60 हजार होती; म्हणजे साडेचारशेहून अधिक जणांची सोय एकट्या जळगावात हवी. परंतु माझी खरी तक्रार याच्याही आधीच्या टप्प्याबद्दल आहे. खोलीचे भाडे थकते, जिनिंगमध्ये हात जायबंदी होतो, कर्ता पुरुष जातो किंवा अतिक्रमणाचे पथक येऊन जाते, तेव्हाच घर सुटायला लागलेले असते. त्या टप्प्यावर पालिकेचा कोणता कर्मचारी त्या दारात जातो? इंग्लंडमध्ये 2002 च्या कायद्याने प्रत्येक स्थानिक परिषदेला आपल्या हद्दीतील बेघरपणाचा आढावा घेऊन प्रतिबंधाचा आराखडा प्रसिद्ध करावा लागतो. 2017 च्या कायद्याने तर 56 दिवसांच्या आत घर जाण्याची शक्यता असलेल्या माणसाला आधीच मदत करण्याचे बंधन घातले आणि रुग्णालये व तुरुंग यांनीही, त्या माणसाच्या संमतीने, परिषदेला कळवायचे असते. आपल्याकडे जिल्हा रुग्णालयातून घरी सोडलेला माणूस खरोखर घरी गेला की नाही, हे विचारणारे कोणी नाही.

पांझराकाठ (धुळे)

ते लेखन माझेच आहे आणि त्यातला एकही शब्द मी मागे घेणार नाही. माझे दुकान बसस्थानकालगत आहे. रोज सकाळी शटर उघडण्याआधी ओट्यावरची घाण मी स्वतः पाणी मारून काढतो, मालमत्ता कर वेळेवर भरतो आणि दुकानापुढच्या खड्ड्यासाठी वर्षानुवर्षे अर्ज करतो. माझ्या तक्रारीला कोणी दयेचा अभाव म्हणणार असेल, तर त्याने एक आठवडा माझ्या दुकानात येऊन बसावे.

इंग्लंडचे दाखले देताना पूर्ण चित्र द्या. इतके कायदे करूनही तिथे आज एक लाखाहून अधिक कुटुंबे तात्पुरत्या निवासात आहेत आणि त्या खर्चाखाली तिथल्या परिषदा पिचून गेल्या आहेत. कर्मचाऱ्यांचे पगार आणि निवृत्तिवेतन देता देता आपल्या पालिकांच्या नाकी नऊ येतात, त्यांनी हे झेपवायचे कसे?

निवृत्त लेखनिक (जळगाव)

आपण दोघेही मूळ दुखणे टाळत आहात. जळगावात घरे देण्याची योजना आखली गेली नव्हती काय? गेल्या शतकाच्या अखेरीस हजारो घरकुले हाती घेतली, त्यातली बहुसंख्य पूर्णच झाली नाहीत, हुडको या घरबांधणीला कर्ज देणाऱ्या सरकारी संस्थेच्या कर्जाचे ओझे शहराने वर्षानुवर्षे वाहिले आणि 2019 साली धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 48 जणांना शिक्षा सुनावली. ज्या गावाने हे पाहिले, त्या गावाला नवीन आराखड्याचे कौतुक कसे वाटावे? आधी जुन्या घरकुलांचा हिशेब द्या.

पांझराकाठ (धुळे)

अगदी बरोबर बोललात. आराखडा म्हटले की ठेकेदार आला आणि ठेकेदार आला की टक्केवारी आली.

रेल्वे वसाहत (भुसावळ)

घरकुलाचा विषय निघालाच आहे, तर माझेही ऐका. ज्यांना खरी गरज आहे, त्यांची नावे घरकुलाच्या यादीत येतच नाहीत. पंतप्रधान आवास योजनेत स्वतःचे घर बांधण्यासाठी अडीच लाखांचे अनुदान मिळते, पण त्यासाठी जागा स्वतःच्या नावावर लागते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईने उतारा कुठून आणायचा?

आमच्या गल्लीत एक बाई दोन मुलींसह राहत होत्या. नवरा ठेकेदाराकडे रोजंदारीवर होता, तो वारला. घरमालकाने मुलाच्या लग्नासाठी खोली रिकामी करायला सांगितली; अनामत रक्कम थकलेल्या भाड्यातच गेली होती. त्या बाई प्रथम भावाकडे राहिल्या, तिथे भावजयीशी पटेना. मग धर्मशाळेत आणि शेवटी फलाटावर. शिधापत्रिका, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला आणि मुलींचे शाळेचे दाखले त्यांनी दुधाच्या पिशवीत घालून कमरेला बांधलेले मी स्वतः पाहिले आहेत. मोठ्या मुलीची शाळा तिथेच सुटली. नव्या खोलीची अनामत आणि दोन महिन्यांचे भाडे, एवढ्यावर हे कुटुंब वाचले असते. त्या परगावच्या नव्हत्या आणि कामचुकार तर मुळीच नव्हत्या. चार घरची धुणीभांडी करत होत्या. पांझराकाठ यांनी आपल्या ओट्यावर झोपणाऱ्यांपैकी एकाला तरी कधी विचारले आहे का, की बाबा, तू इथवर कसा आलास?

पांझराकाठ (धुळे)

आपण माझ्यावर व्यक्तिशः घसरत आहात, ताई. डिसेंबरात पारा सहा-सात अंशांवर येतो, तेव्हा त्याच ओट्यावरच्या म्हाताऱ्याला मी माझ्या घरचे पांघरूण दिले आहे. त्याची जाहिरात मी केली नाही. एका बाईच्या उदाहरणावरून शहराचे धोरण ठरत नसते.

शहादेकर (नंदुरबार जिल्हा)

उदाहरणांवरून धोरण ठरत नसेल, तर मोजणीवरून ठरवा. पण ती मोजणी कधी होते, हेही पाहा. 2011 च्या जनगणनेत बेघरांची नोंद 28 फेब्रुवारीच्या रात्री झाली. देशभरात 17 लाख 70 हजारांहून अधिक आणि महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक बेघर नोंदले गेले. त्या रात्री धडगाव-अक्कलकुव्याची किती तरी कुटुंबे सुरत-बारडोलीकडे ऊसतोडीला गेलेली, फडाशेजारच्या पालात झोपलेली असतात. दिवाळीनंतर हीच माणसे बोचकी, कोयते, कोंबड्या आणि लेकरे घेऊन मुकादमाच्या ट्रकची वाट पाहत स्थानकाबाहेर रात्र काढतात. गावी त्यांचे घर असते, म्हणून ती बेघर ठरत नाहीत. ज्या शहरातून ती जातात, तिथे त्यांच्यासाठी नळ नसतो, शौचालय नसते. ओट्यावर जी घाण होते, तिचे कारण हे आहे. पांझराकाठ, तुमचा राग मी समजू शकतो, पण तो पालिकेवर काढा.

निवृत्त लेखनिक (जळगाव)

मोजणी करणार कोण? आमच्या वेळी अशी सर्वेक्षणे कार्यालयात बसून भरली जात. घरकुलांच्या लाभार्थ्यांची यादी कशी झाली, हे मला सांगायला लावू नका.

तापीकाठ (अमळनेर)

लेखनिकसाहेब, घरकुलांचा हिशेब मलाही हवा आहे. मात्र तो घोटाळा बांधकामाचा होता आणि मी मागतो आहे त्यात वीट लागत नाही. प्रत्येक पालिकेच्या अंदाजपत्रकात दुर्बल घटक, महिला व बालकल्याण आणि दिव्यांग यांच्यासाठी राखीव निधी असतो. मार्च जवळ आला की तो शिलाई यंत्रे आणि कार्यक्रमांवर घाईने संपवला जातो. त्यातूनच निराधार कुटुंबाला एकदाची अनामत रक्कम देता येईल. प्रभागातल्या आशाताईंना आणि पाणीपट्टी वसूल करणाऱ्या कर्मचाऱ्याला कोणाचे घर डळमळले आहे, हे सर्वांत आधी कळते. त्यांनी ते कोणाला सांगायचे, एवढे तरी पालिकेने ठरवावे. अतिक्रमण काढण्यापूर्वी त्या कुटुंबांची पर्यायी सोय कागदावर असल्याशिवाय पथक पाठवू नये.

पांझराकाठ (धुळे)

अनामत रकमेला माझी हरकत नाही. ती थेट घरमालकाच्या खात्यात जाणार असेल आणि मध्ये कोणी नगरसेवक नसेल, तरच. स्थानकाजवळ नळ आणि शौचालय करा, हे तर मी कधीपासून मागतो आहे. त्याला तुम्ही बेघरांची सेवा म्हणा की आणखी काही. निवाऱ्याला मात्र माझा विरोध कायम आहे.

रेल्वे वसाहत (भुसावळ)

विरोध कायम ठेवा, पण फेब्रुवारीत अंदाजपत्रकाची सभा होते, त्याआधी नळ, शौचालय आणि अनामत निधी या तीन मागण्यांच्या निवेदनावर सही करा. व्यापाऱ्याची सही असली की पालिकेत कागद लवकर हलतो. मसुदा मी लिहिते. थेट घरमालकाच्या खात्याची तुमची अट त्यात पहिल्याच परिच्छेदात घालते.

पांझराकाठ (धुळे)

मसुदा आधी दाखवा. निवाऱ्याचा एक शब्द जरी आत आला, तरी सही मिळणार नाही.