नरेंद्रनगरच्या पुलाखालच्या पाण्यातून गाडी काढली, आता काय?

बेसावाली
नागपुरात रोज बेसा ते सदर जाते, गाडी छोटी पेट्रोल हॅचबॅक. काल संध्याकाळी नरेंद्रनगरच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं होतं. समोरची बस आरामात निघाली, मागचे हॉर्न वाजवून राहिले होते, म्हणून मीही घातली. मधोमध पाणी दाराच्या खालच्या कडेला लागलं, पायाखालची मॅट ओली झाली, पण गाडी बंद नाही पडली. आज ब्रेक मारला की घासल्यासारखा आवाज येतो. नवरा म्हणतो, "निघाली ना, मग झालं!" खरंच झालं का? आणि बंद पडली असती तर काय करायचं होतं?

डागालेआउटकर
ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे, फार महागात घेतलेलं.

२३ सप्टेंबर २०२३. मध्यरात्रीनंतर पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी आमच्या गल्लीत. गाडी फाटकात उभीच होती. सकाळी पाणी उतरलं तेव्हा बोनेटवर चिखलाची सरळ रेघ, जणू कोणी पट्टी लावून ओढली. मी चावी फिरवली. 'टक्' असा एकच आवाज, पुढे काही नाही. परत फिरवली, परत टक्. तेवढ्यात साळा म्हणाला, बॅटरी गेली असेल भाऊजी, धक्का मारू. चौघांनी ढकलली, मी सेकंड गिअरमध्ये क्लच सोडला आणि आतून असा खडाका झाला की समोरच्या काकू गॅलरीत आल्या.

इंजिन खोललं तर कनेक्टिंग रॉड वाकलेला. पिस्टन हवा दाबतो. सिलिंडरमध्ये पाणी असलं तर ते दबत नाही, मग लोखंड वाकतं. म्हणजे पुराने गाडी बुडवली, पण इंजिन मीच मारलं. विमा कंपनीच्या सर्व्हेयरचा पहिला प्रश्न, "पाणी उतरल्यावर स्टार्ट केली होती का?" सीट, वायरिंगचे पैसे मिळाले, इंजिनाचे नाही. इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर मी घेतलंच नव्हतं.

म्हणून बंद पडली तर चावी काढायची, पाणी वाढत असेल तर आधी आपण बाहेर पडायचं आणि नंतर टोइंगवाला बोलवायचा. धक्का तर अजिबात नाही.

रस्त्याचा राजा
एवढं काय घाबरता बे. मी माझी एसयूव्ही दर पावसाळ्यात त्याच पुलाखालून काढतो. फर्स्ट गिअर, अ‍ॅक्सिलरेटर दाबून ठेवा, बस्स.

मानेवाडा गॅरेज
राजे, तुमची गाडी उंच आहे, ताईंची नाही. फूटभर पाण्यात छोटी गाडी तरंगायला लागते, मग स्टिअरिंग फिरवून काही होत नाही. नाल्याच्या पुलावरून वाहतं पाणी असेल तर त्याहून कमी पाण्यातही घालू नका. आणि बसच्या मागे तर कधीच नाही. तिचं हवा घ्यायचं तोंड उंचावर असतं, तिने उठवलेली लाट मात्र तुमच्या ग्रिलवर येते.

ताई, घासल्याचा आवाज बहुतेक पॅड आणि डिस्कमध्ये बसलेल्या गाळाचा आहे. मोकळ्या रस्त्यावर हळू चालवत चार-पाच वेळा हलका ब्रेक दाबून पाहा. नाही गेला तर चाकं खोलून धुवावी लागतील, मागचे ड्रम पण. त्याआधी, गाडी सुरू न करता, एअर फिल्टर काढून हात लावा. ओला निघाला किंवा डिपस्टिकवर ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर चावीला हात लावू नका. मॅटखालचा फोम दाबून बघा, तिथूनच वायरिंग जाते.

पुढच्या वेळी मनीषनगरच्या उड्डाणपुलावरून वर्धा रोडला लागा. फेरा पडतो, पडू द्या.

बेसावाली
फिल्टर कोरडा, ऑइल ठीक. मॅटखालचा फोम दाबला तर टॉवेल दोनदा पिळावा लागला. नवरा तासाभरापासून ड्रायव्हरच्या सीटखाली हेअर ड्रायर धरून बसला आहे, बोलून नाही राहिला.