मदत हवी आहे: जुन्या अल्को डिझेल इंजिनांचे फोटो काढायला पुणे ते कोकण रोड ट्रिप

नमस्कार मंडळी, डिसेंबरमध्ये मी आणि मित्र पुण्याहून कार घेऊन निघतोय, फक्त जुनी अल्को (म्हणजे अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या डिझाइनची) रेल्वेची डिझेल इंजिनं शूट करायला. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतून पहिली आली, मग १९६४ पासून वाराणसीत बनायला लागली आणि आता विजेच्या इंजिनांमुळे एकेक करून भंगारात चाललीयेत, कोकण रेल्वेचं पण विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं, त्यामुळे आत्ता नाही काढले फोटो तर राहूनच जातील असं सारखं वाटतं. अल्को नुसतं उभं असलं तरी तो धकधक आवाज, आणि लोड घेताना भसकन निघणारा काळा धूर नि टर्बोची शिट्टी, हे नवीन इंजिनांत नाहीच हो!

तर कोणाला माहितीये का, मिरज, रत्नागिरी, मडगाव या बाजूला शंटिंगला (यार्डात डबे इकडून तिकडे हलवायला) किंवा मालगाडीला सध्या डब्ल्यूडीजी-३ए, डब्ल्यूडीएम-३डी ही अल्को मॉडेल्स दिसतात का? साधारण किती वाजता? रत्नागिरीजवळचा पानवलचा ६४ मीटर उंच पूल रस्त्यावरून नीट दिसेल अशी जागा कुठली? रुळांवर किंवा इंजिनांच्या शेडमध्ये विनापरवानगी घुसायचं नाहीये, पब्लिक रोड किंवा ओव्हरब्रिजवरूनच काढणार. शेड बघायची परवानगी कोणी रीतसर काढली असेल तर अर्ज नेमका कोणाकडे करायचा तेही सांगा प्लीज. लेन्स ७०-३०० आहे, पुरेल ना?