डिझेल की हायब्रिड? आधी रस्ता सांगा

‘युरोपात डिझेल मायलेजमध्ये हायब्रिडच्या (पेट्रोल इंजिन आणि सोबत बॅटरीवरची मोटर) तोडीस तोड आहे, मग मुंबईत हायब्रिडला जादा पैसे कशाला?’ हा मुद्दा जर्मनीच्या ऑटोबानवर, म्हणजे तिथल्या वेगवान महामार्गावर, ठीक आहे. हायब्रिडची बॅटरी ब्रेक लावताना भरते. सलग वेगात ब्रेकच लागत नाही, तर बॅटरीत ऊर्जा परत येणार कुठून? पण संध्याकाळी सातला सायनहून अंधेरीला जाऊन बघा. हायब्रिडचं इंजिन बराच वेळ बंद, आणि डिझेलवाला शेजारी घुरघुरत उभा.

शिवाय एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, पेट्रोलचा २.३. म्हणजे नुसतं मायलेज सारखं असून भागत नाही. डिझेलच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइड या घातक वायूंचं तर विचारूच नका, २०१५ मध्ये फोक्सवॅगनची प्रदूषण चाचणीतली लबाडी उघडी पडली ती त्यावरूनच. बीएस-६ या प्रदूषण नियमांनंतर डिझेलला काजळीचा फिल्टर आला खरा, पण तो साफ व्हायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो. रोज फक्त दादर-परळ करणाऱ्या गाडीत ते कसं जमणार?

प्लग-इन, म्हणजे बाहेरून चार्ज होणाऱ्या हायब्रिडचं गणित वेगळं, ती वीज कशापासून बनते ते बघावं लागतं: नॉर्वेत जलविद्युत, आपल्याकडे बहुतेक कोळसा.

दर आठवड्याला कोल्हापूर गाठणारा कोणी असेल तर त्याला मी डिझेलच घे म्हणेन.