स्पीकर गप्प, हेडफोन चालू: उबंटू २४.०४

टॉवेलवाला
अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याच्या ऑफिसातला लॅपटॉप. उबंटू (लिनक्स) २४.०४, त्याच लॅपटॉपवर विंडोजही. स्पीकरमधून आवाज शून्य, हेडफोन लावला की व्यवस्थित. काही लावलेलं नसतानाही सेटिंग्जमध्ये 'हेडफोन्स'च दिसतं. अल्सामिक्सरमध्ये (टर्मिनलातला आवाज कमी-जास्त करायचा प्रोग्राम) स्पीकरखाली 'एमएम', म्हणजे म्यूट, आहे. एम दाबून उघडलं की थोडा वेळ वाजतं, रीस्टार्टनंतर परत एमएम. पाइपवायर (उबंटूत आवाज सांभाळणारा प्रोग्राम) काढून त्याच कामाचा जुना पल्सऑडिओ टाकू, की उबंटूच नव्याने टाकू?

कर्नलकाका
काही काढू नका ओ. पल्सऑडिओ टाकलंत तरी हेच होणार. दोघंही खालच्या अल्साचंच (लिनक्सचे साउंड ड्रायव्हर) ऐकतात आणि अल्साला वाटतंय हेडफोन लावलेला आहे. एमएम हा परिणाम आहे, कारण नाही. विंडोजमध्ये बघा, बहुतेक तिथंही हीच रड असेल.

हेडफोन काढून ठेवा आणि हे चालवा (टर्मिनलात इंग्रजी अक्षरांत टाका, जॅकचा जे आणि -ए२ मधला ए कॅपिटल):

एमिक्सर -सी ० कंटेंट्स | ग्रेप -ए२ जॅक

'हेडफोन जॅक' नावाखाली 'व्हॅल्यूज=ऑन' आलं तर दोष जॅकात, म्हणजे हेडफोन खुपसायच्या भोकात. यादीत हेडफोनचं नावच नसेल तर कार्ड ० (पहिलं साउंड कार्ड) एचडीएमआयचं, म्हणजे टीव्ही-मॉनिटरच्या केबलचं असेल, ० च्या जागी १ टाका.

टॉवेलवाला
१ टाकल्यावर आलं. पिन बाहेर आहे, तरी ऑन.

सोल्डरगन
मग कापूसच! ३.५ मिमी जॅकात एक बारीक पत्ती असते, पिन आत गेली की ती सरकते आणि लॅपटॉपला कळतं. यंत्रमागाजवळ ठेवलेल्या लॅपटॉपात तूस तिथंच जाऊन बसतो आणि दर वेळी पिन त्याला आणखी आत दडपते. टॉर्च मारून बघा, तळाला करडी गादी दिसेल.

लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर बाहेर. लाकडी टूथपिकने कडेकडेने तूस सैल करून ओढा. सुई किंवा टाचणी नको, पत्ती वाकली की जॅक बदलावा लागतो. आणि कारखान्यातल्या कॉम्प्रेसरची नळी तर मुळीच लावू नका. त्या हवेत पाणी आणि तेल असतं, दाबही फार. हाताने दाबायचा रबरी ब्लोअर पुरतो. शेवटी जुन्या हेडफोनच्या पिनेला आयसोप्रोपिल अल्कोहोलचे २ थेंब, ८-१० वेळा आत-बाहेर, मग १५ मिनिटं वाळू द्या.

कर्नलकाका
तोवर काम अडलं असेल तर: अल्सामिक्सर, एफ६ ने कार्ड निवडा, उजव्या टोकाला 'ऑटो-म्यूट मोड' असेल तो 'डिसेबल्ड' करा. मग पॅव्ह्यूकंट्रोलमध्ये (आवाजाच्या सेटिंग्जचा खिडकीवाला प्रोग्राम) आउटपुट डिव्हाइसेस, पोर्ट: स्पीकर्स. पुढे 'अनप्लग्ड' लिहिलेलं असलं तरी तोच निवडा.

पत्ती तुटलेलीच निघाली तर अल्सा-टूल्स-जीयूआय पॅकेजमधलं एचडीए-जॅक-रीटास्क वापरून त्यातल्या यादीतली हेडफोनची पिन (साउंड चिपवरची जोडणी) 'नॉट कनेक्टेड' करा आणि 'इन्स्टॉल बूट ओव्हरराइड' दाबा. तो जॅक मग मेलाच समजा, हेडफोन यूएसबीचा घ्यायचा.

नवा_गडी
माझ्याकडे तर फक्त 'डमी आउटपुट' दिसतं. हेच करू का?

कर्नलकाका
नाही, तुमचं वेगळं. तिथं कार्डच सापडलेलं नाही. सुडो डीमेसेज | ग्रेप सॉफ चालवा (सॉफ म्हणजे साउंड ओपन फर्मवेअर, साउंड चिपमध्ये भरायचं सॉफ्टवेअर). फर्मवेअरची फाइल मिळाली नाही अशी ओळ असेल तर फर्मवेअर-सॉफ-साइन्ड पॅकेज टाकून रीस्टार्ट करा. तशी ओळ नसेल आणि विंडोजही असेल तर तिथलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. त्यात विंडोज पुरतं बंद होत नाही, कधी कधी साउंड चिप अर्धवट अवस्थेत राहते. नवा धागा काढा आणि लॅपटॉपचं मॉडेल लिहा.

टॉवेलवाला
मुगाएवढी गोळी निघाली. आता पिन बाहेर काढली की ऑफ, घातली की ऑन. स्पीकर वाजतोय.

कर्नलकाका
ऑटो-म्यूट परत 'एनेबल्ड' करा. नाहीतर हेडफोन लावल्यावरही स्पीकर वाजत राहील आणि अख्खं ऑफिस ऐकेल.